बी.के. नंबर : पलटणीच्या बराकींचा बाजार झाला, आपल्या जुन्या इमारतींचे काय?

उल्हासनगरच्या कोणत्याही जुन्या व्यापाऱ्याचे बिलबुक हातात घेऊन पाहा. दुकानाच्या नावाखाली पत्ता छापलेला असतो : बी.के. नं. अमुक, रूम नं. तमुक, उल्हासनगर-२ किंवा ३ किंवा ५. नवखा माणूस समजतो की हे एखाद्या सोसायटीचे नाव असावे. आम्हीही तसेच समजत होतो. अब्बांबरोबर पहिल्यांदा लाँगक्लॉथचे नमुने घेऊन उल्हासनगरात गेलो तेव्हा एका वयस्क सिंधी शेठजींना आम्ही हे विचारले. ते हसले, वरच्या छपराकडे बोट दाखवून म्हणाले, "बेटा, बी.के. म्हणजे बराक. इथे गोऱ्यांचे सोल्जर झोपत होते. आता माझा माल झोपतो."

ही गोष्ट आज काढण्याचे कारण असे की आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंकडे जुन्या इमारती पुष्कळ आहेत. वडिलोपार्जित वाडे, बंद पडलेल्या गिरण्या, मागाचे कारखाने, वखारी, मुसाफिरखाने, वक्फच्या चाळी. जागा मिळत नाही म्हणून आपण ओरड करतो, पागडी आणि डिपॉझिटचे लाखो रुपये मोजतो, आणि त्याच वेळी आपलीच एखादी इमारत कुलूप लागून पडलेली असते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ह्या तिन्ही गावांत आमचे तीसेक वर्षांचे येणे-जाणे आहे. जुन्या जागेतून रोजी कशी उभी राहते आणि तीच जागा हातातून कशी निसटते, ह्या दोन्ही गोष्टी आम्ही तेथे पाहिल्या. दुसरीची किंमत तर स्वतःच्या खिशातून मोजली.

गोणपाटाच्या भिंती

दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याणजवळ फौजेचा मोठा तळ उभारला. आघाडीवर जाणाऱ्या आणि तेथून परतणाऱ्या पलटणी येथे थांबत. ह्या तळावर २,१२६ बराकी होत्या अशी नोंद आहे. बहुतेक बराकींची ठेवण एकसारखी होती. मधोमध लांब हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. युद्ध संपले, फौज गेली, बराकी ओस पडल्या. मग १९४७ ची फाळणी आली. सिंधमधून निघालेले हिंदू निर्वासित कराचीहून बोटींनी मुंबईच्या बंदरात उतरू लागले आणि त्यांतील सुमारे एक लाख माणसांना ह्या पाच छावण्यांत आणून ठेवण्यात आले. (त्याच दिवसांत आपलेही कितीतरी लोक घरदार सोडून उलट दिशेने गेले. तो विषय वेगळा आहे, पण बराकीत पाऊल ठेवले की तो आठवल्याशिवाय राहत नाही.) ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि कल्याण कँपचे उल्हासनगर झाले. उल्हास नदीवरून हे नाव पडले. मात्र 'कँप' हा शब्द गेला नाही. आजही रिक्षावाल्याला कँप नंबर सांगावा लागतो.

वर सांगितलेल्या शेठजींच्या कुटुंबाला हॉलमधला एक तुकडा मिळाला होता. एका बाजूला गोणपाट, दुसऱ्या बाजूला आईची चादर, मध्ये ट्रंका. रात्री शेजारच्या 'घरात' कोणी खोकला तर ह्यांच्याकडची मुले जागी होत. त्याच तुकड्यात त्यांची आई पापड लाटायची आणि हे दहा वर्षांचे पोर कल्याणहून सुटणाऱ्या गाडीत ते विकायचे. अशी हजारो घरे होती. लोणचे, मिठाई, शिवणकाम, मिळेल तो धंदा. पुढे ह्याच वस्तीत कपड्याचे गजानन मार्केट उभे राहिले, जपानी बाजार भरला, फर्निचरवाले आले, कँप ४ आणि ५ कडे जीन्स शिवण्याचे कारखाने वाढले. ह्या जीन्सच्या मशिनींवर उत्तर हिंदुस्थानातून आलेले आपले कितीतरी कारागीर बंधू बसलेले आहेत, हे वाचकांना ठाऊकच आहे. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही थट्टा तर सगळ्या देशाने केली. थट्टा करणाऱ्यांनी माल मात्र तेथूनच उचलला.

आम्हाला येथे धंद्याच्या माणसाच्या नजरेने एक गोष्ट दाखवायची आहे. बराक बाजार बनण्यासाठी बांधलेली नव्हती, तरी ती बाजाराला फिट्ट बसली. कारण तिचे सगळे वजन बाहेरच्या भिंतींवर आणि वरच्या कैच्यांवर आहे. आतली जागा मोकळी. हवे तेथे आडभिंत घाला, उद्या काढा, छप्पराला काही होत नाही. लांब बाजूला ओळीने खिडक्या. खिडकीखालची वीट काढून दार केले की दुकानाचे तोंड तयार. काही ठिकाणी जुनी चौकट वर आणि तिच्याखाली नंतर लावलेले फळ्यांचे दार असे आजही दिसते. पुढे दुकान, मधे मशीन, मागे चूल. भाडे एकाच जागेचे आणि कामे तीन. जुनी इमारत घेणाऱ्याने आधी हेच पाहावे. तिचे वजन कशावर आहे, आणि आत किती जागा अशी आहे की जिला हात लावला तरी चालेल? रंग आणि दर्शनी भाग नंतर बघता येतो.

सनद ज्याच्या हाती

आता दुसरी बाजू. बराकीत राहायला मिळाले म्हणून ती आपली झाली असे नव्हते. जमीन आणि इमारत सरकारची. १९५४ मध्ये विस्थापितांना भरपाई आणि पुनर्वसन देण्याचा कायदा झाला. त्याखाली राहत्या माणसांच्या नावे ह्या जागा करून देण्यात आल्या, सनदा आणि खरेदीखते मिळाली. ज्याने वेळेवर पैसे भरले, कागद घेतला आणि सांभाळला, त्याच्या मुलाला पुढे बँकेचे कर्ज मिळाले, दुरुस्तीची परवानगी मिळाली. ज्याने 'कब्जा तर आपलाच आहे' म्हणून कागदाकडे काणाडोळा केला, त्याची बराकही तशीच लटकत राहिली. पुढे उल्हासनगरात जागेला सोन्याचा भाव आला. नगरपालिका १९६० ची, महापालिका १९९६ ची. ह्या मधल्या काळात बराकी पाडून त्यांच्या जागी मजल्यावर मजले चढले, आणि त्यांतील कितीतरी परवान्याशिवाय. २००५ मध्ये ८५५ बेकायदा इमारतींचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गाजला. २००६ मध्ये राज्य सरकारला एकट्या उल्हासनगरसाठी बांधकामे नियमित करण्याचा कायदा करावा लागला. हिंदुस्थानात एका गावासाठी असा कायदा सहसा होत नाही.

आणि मे २०२१ मध्ये काय झाले ते आठवा. पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब वरून खाली एकावर एक कोसळले आणि झोपेत, जेवणाच्या ताटावर असलेली माणसे दगावली. त्या इमारती १९९० नंतरच्या होत्या. त्या काळात खाडीची खारी रेती, जिला बांधकामवाले उलवा रेती म्हणतात, ती सर्रास वापरली गेली. खारामुळे आतली सळई गंजते, फुगते, काँक्रीट फोडते. पंचवीस-तीस वर्षांत आतून पोकळ झालेला स्लॅब वरून रंगवलेला, टाइल्स लावलेला, सुंदर दिसतो. म्हणून 'जुने ते धोक्याचे, नवे ते भक्कम' असा हिशेब करू नये. १९४२-४३ ची विटांची भिंत तग धरून आहे आणि १९९५ चा स्लॅब गेला, असे एकाच गल्लीत घडलेले आहे. ३० वर्षांवरील इमारतीची बांधणी तपासून दाखला घ्यावा असे महापालिकेच्या कायद्यात आहे. हा दाखला घेण्यासाठी इंजिनिअरला पैसे द्यायला आपली माणसे का-कू करतात. एका गाठीच्या दलालीइतकाही खर्च येत नसेल, पण नको.

आमची चूक

येथवर इतरांचे सांगितले, आता आमचे. २००३ मध्ये आम्ही कँप ३ मधील एका बराकीचा अर्धा हॉल गोदामासाठी घेतला. जागा नामी होती. हवा खेळती, जमीन कोरडी, टेम्पो दारापर्यंत येई. अडचण एकच. कैचीची खालची आडवी लाकडे डोक्यावर साडेआठ-नऊ फुटांवर होती, त्यामुळे गाठींची चवथी थर लागत नव्हती. आम्ही विचार केला, छप्पर तर वरच्या तिरप्या लाकडांवर आहे, ही आडवी लाकडे नुसती बांधणीची असतील. एका हातचलाख सुताराला बोलावून एकाआड एक अशी तीन लाकडे कापून काढली. सुतार म्हणाला होता, "शेठ, इंजिनिअरला विचारा." आम्ही म्हणालो, "तू तुझे काम कर."

ती आडवी लाकडे काय करतात हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी नीट ऐकावे. दोन पत्ते एकमेकांना टेकवून उभे करा. वरून दाबले की पायाकडे ते फाकतात. कैचीचे तसेच आहे. खालचे लाकूड त्या दोन पायांना बांधून ठेवते. ते काढले की कैची भिंतींना बाहेर ढकलू लागते. पहिल्या पावसाळ्यात काही दिसले नाही. दुसऱ्यात भिंतीच्या माथ्याशी केसाएवढी फट आली, ती आम्ही सिमेंटने बुजवली आणि वर चुना मारला. तिसऱ्या पावसाळ्यात २६ जुलै २००५ उजाडली. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सगळ्यांना पाठ आहे. कल्याण, उल्हासनगर, बदलापूर ह्या पट्ट्याचीही दैना झाली. आमची भिंत पडली नाही, अल्हम्दुलिल्लाह, पण ती एवढी बाहेर झुकली होती की कौले सरकली आणि सहा-सात हात लांबीची खाच उघडली. रात्रभर पाणी सरळ गाठींवर. अठ्ठावीस गाठी भिजल्या. पॉपलीन आणि शर्टिंग. वाळवून, इस्त्री करून, डाग पडलेला माल शेवटी कटपीसवाल्याला वजनावर दिला.

मालाचा विमा होता. पण विम्याच्या कागदावर पत्ता होता जुना बी.के. नंबर, आणि महापालिकेच्या कराच्या पावतीवर नवा मालमत्ता क्रमांक. दोन्ही एकच जागा आहे हे सिद्ध करायला आम्हाला अकरा महिने लागले. सनद मूळ माणसाच्या नावे, त्याने दुसऱ्याला दिलेली, दुसऱ्याने आम्हाला. मधला एक कागद नोंदलेलाच नव्हता. शेवटी मागितले त्याच्या निम्म्यापेक्षा कमी मिळाले. कोणावर ठपका ठेवावा? लाकूड आम्ही कापले, फट आम्ही बुजवली, पत्ता आम्ही तपासला नाही.

दुरुस्ती मात्र ऐकण्यासारखी आहे. एका म्हाताऱ्या मिस्त्रीने भिंत पाडू दिली नाही. त्याने समोरासमोरच्या दोन भिंतींतून आरपार लोखंडी सळ्या घातल्या, बाहेरून जाड पोलादी चकत्या लावल्या आणि आट्यांवर रोज थोडे-थोडे आवळत नेले. भिंत पूर्वीसारखी ओळंब्यात आली नाही, पण पुढे सरकायची थांबली. सळी लाकडाच्या जागी काम करते आणि उंचीही खात नाही. म्हणजे जी उंची आम्हाला हवी होती ती पहिल्याच दिवशी मिळाली असती, सुताराचे ऐकले असते तर. भिंतीच्या खालच्या भागावर आम्ही सिमेंटचा गिलावा मारला होता, तोही मिस्त्रीने खरवडून काढला. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापले की आतली ओल बाहेर निघू शकत नाही, ती कोंडून वर चढते. कापडाच्या गोदामाला ह्यासारखा शत्रू नाही. तेव्हापासून आमच्या गाठी फळ्यांवर असतात आणि भिंतीपासून दीड हात दूर.

अंबरनाथकडे शेड घेताना

अंबरनाथमध्ये गोष्ट वेगळी. तेथे बराकींपेक्षा कारखान्यांचा वारसा मोठा. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी कंपनीचा तेजाबाचा आणि खताचा कारखाना, १९२३ ची आगपेट्यांची विम्को, नंतर लष्करी सामानाचा सरकारी कारखाना. विम्कोचे नाव तर नाक्याला चिकटून राहिले. पुढे एमआयडीसी आली आणि शेडच शेड झाले. ह्यांतील कितीतरी शेड हात बदलत असतात, भाडेही परवडते. पण आमचा सल्ला विचाराल तर केमिकलची शेड कापडासाठी घेताना दहा वेळा विचार करा. फरशीने वर्षानुवर्षे जे पाणी प्यालेले असते ते पावसाळ्यात वास होऊन बाहेर येते. आमच्या ओळखीच्या एकाने पांढरा माल ठेवला होता, चार महिन्यांत त्यावर पिवळी झाक आली. आधीच्या कारखान्यात काय बनत होते हे विचारा, प्रदूषण मंडळाचा जुना कागद मागा, फरशीचा एक कोपरा फोडून पाहा. छपराला सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव आहे. ते कोरडे फोडू नका, कापू नका. ती धूळ कारागिराच्या फुप्फुसात जाते. त्याला तो आजार वीस-पंचवीस वर्षांनी समजतो, आणि तोवर तुमची त्याची ओळखही राहिलेली नसते.

आणखी एक. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इ.स. १०६० चे. ते पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. दुरुस्तीलाही लागते. त्या बाजूला स्वस्तात जुने घर मिळाले म्हणून कोणी आनंदाने बयाणा देऊन मोकळे होऊ नये.

आगीचेही येथेच सांगून टाकतो. मुंबईत लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारात हॉटेले, ऑफिसे थाटली, जुनी जागा कामाला आली, छानच झाले. पण २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून १४ माणसे गेली. गिरणीच्या भिंतींचा त्यात दोष नव्हता. वर नंतर चढवलेले आडोसे, बाहेर पडायला अडचणीची वाट, हे कारण. आपल्या शिवणकामाच्या शेडमध्ये कारागीर रात्री तेथेच झोपतात, दाराला बाहेरून कुलूप असते, वायरिंग वीस वर्षांपूर्वीचे आणि त्यावर इस्त्र्या नव्या. पुढचे आम्ही लिहीत नाही.

सराई आणि वक्फ

आपल्या पूर्वजांना ही विद्या नवीन नव्हती. सूरतला माल घ्यायला जाणाऱ्यांनी मुघलसराई पाहिली असेल. शाहजहानच्या अमलात, १६४४ मध्ये, मुसाफिरांसाठी बांधलेली सराई. हजला जाणारे यात्रेकरू बोटीची वाट पाहत तेथे उतरत. १८६७ पासून त्याच इमारतीत सूरतच्या नगरपालिकेचे दफ्तर आले आणि आज ते महापालिकेचे मुख्य कार्यालय आहे. चौक मोकळा आणि भोवती कोठड्या. मुसाफिराला जे सोयीचे होते ते कारकुनालाही सोयीचे पडले. तुर्कस्तानात बुर्सा शहरात कोझा हान नावाची सराई आहे. १४९१ मध्ये सुलतान दुसरा बायझीद याने ती बांधली, आणि बांधण्याचा हेतू असा की तिच्या भाड्यातून इस्तंबूलची त्याची मशीद आणि मदरसा चालावा. रेशमाच्या कोशांचा व्यापार तेथे शतकानुशतके चालला आणि रेशमी कापडाची दुकाने आजही आहेत. पाचशे वर्षांहून जुनी इमारत, तीच जात, तोच धंदा. आपल्याकडे औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) पाणचक्कीच्या आवारात राज्य वक्फ मंडळाचे मुख्य कार्यालय आहे. हेही त्याच वाटेवरचे उदाहरण.

म्हणजे वक्फची इमारत भाड्याने, नीट करारावर, धंद्याला द्यायची आणि त्या उत्पन्नातून मशीद-मदरसा चालवायचा, ही कल्पना बाहेरची नाही. घोटाळा होतो तो करारात. कितीतरी ठिकाणी मुतवल्लीसाहेबांनी तोंडी शब्दावर दिलेली जागा, आजोबांच्या वेळचे भाडे, पावती नाही. भाडेकरूही आपलाच, म्हणून कोणी बोलत नाही. एवढ्या भाड्यात छप्पर कोण शाकारणार? वक्फ कायद्यात २०१३ च्या दुरुस्तीने ३० वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याची सोय झाली होती. २०२५ मध्ये कायदा पुन्हा बदलला, जून २०२५ पासून मिळकतींची माहिती 'उमीद' पोर्टलवर चढवण्याचे काम सुरू झाले, काही तरतुदींना सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली. ह्या कायद्यावर आमचे मत काय, ते येथे नको. एवढेच विचारतो : तुमच्या मोहल्ल्यातील वक्फच्या चाळीचा सिटी सर्व्हे नंबर जमातीच्या किती लोकांना माहीत आहे? ज्या दिवशी कोणी कागद मागेल त्या दिवशी कपाट उघडून शोधाशोध करणे उशिराचे ठरते. बराकीच्या बाबतीत आम्ही ते केलेले आहे.

नानांची भातगिरणी

शेवटी बदलापूर. कर्जत-बदलापूर हा भाताचा पट्टा. आमच्या नानांची तेथे भात कांडण्याची लहान गिरणी होती. उंच शेड, सागवानी खांब, आणि जोते कमरेएवढे. नाना म्हणत, नदी शेजारी असली तर जोत्यावर खर्च करावा. पुष्कळांना ते म्हाताऱ्याचे वेड वाटे. २००५ ला आणि पुन्हा २७ जुलै २०१९ ला, जेव्हा वांगणी-बदलापूरच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, तेव्हा गावात नवीन दुकानांतून पाणी शिरले आणि नानांच्या गिरणीत पायरीपर्यंत येऊन थांबले. भात ओलीपासून वाचवण्यासाठी जे केले तेच कापडाला हवे असते. वीस-पंचवीस मशिनींचा शिवणकामाचा कारखाना आणि वर मालाची माडी, असा नकाशा आम्ही कधीच कागदावर काढून ठेवला आहे. इंजिनिअरने खांब ठोकून पाहिले. दोघांना बुडाशी वाळवी आहे, बाकी खणखणीत.

पण गिरणी बंद होऊन बावीस वर्षे झाली आणि मिळकत पत्रिकेवर अजून नानांचेच नाव आहे. ते वारले तेव्हा दोन मुलगे, तीन मुली. कोणी हिस्से केले नाहीत. 'आपसांत काय लिहायचे' म्हणून राहिले. थोरले मामू गेले, दोन खाला गेल्या, आमची अम्मी गेली. वारसांचे वारस धरून आज अकरा जण. सूरह अन-निसामध्ये हिस्से नेमून दिलेले आहेत, मुलीचाही आहे, हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. तरी तलाठ्याच्या नाहीतर सिटी सर्व्हेच्या दफ्तरात जाताना बहिणींकडून हक्कसोड पत्र घेऊन जाण्याची रीत आपल्याकडे पडून गेली आहे. आमच्या एका खालेकडूनही असा कागद तयार करून आणला होता. तिने अंगठा द्यायला नकार दिला आणि घरात तिच्याशी बोलणे बंद झाले. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, फेरफाराची मराठी आम्ही उशिरा, ठेचा खात शिकलो. त्या कागदात काय लिहिले होते ते आम्ही दोन वर्षांनी नीट वाचले, तेव्हा समजले की खालेचेच बरोबर होते.

मागच्या रमजाननंतर सगळ्यांना बसवले. मुफ्तीसाहेबांकडून फराइजप्रमाणे हिस्से काढून घेतले, वकिलाकडून वारस नोंदीचा अर्ज तयार केला. खालेच्या मुलींचे नाव त्यात पहिल्या पानावर आहे. ठरले असे की गिरणी विकायची नाही. सगळे मिळून ती भाड्याने द्यायची, भाडेकरू आम्ही, भाडे बाजारभावाने, आणि दरमहा प्रत्येकाच्या हिश्श्याप्रमाणे खात्यात. दोन खांब बदलण्याचा आणि छपराचा खर्च पहिल्या दोन वर्षांच्या भाड्यातून वळता करायचा, तोही लिहून.

अकरापैकी नऊ सह्या झाल्या आहेत. एक मामेभाऊ जिद्दाहला नोकरीला आहे. त्याचे मुखत्यारपत्र तेथील भारतीय कॉन्सुलेटमधून साक्षांकित होऊन यायचे आहे. दहावी सही धाकट्या मामूंची. ते म्हणतात, गिरणी पाडून सात मजली इमारत करू. त्यांच्याकडे पुढच्या जुम्याला नमाजनंतर जायचे आहे, खालेच्या थोरल्या मुलीला बरोबर घेऊन.